पाच टक्क्यांतून आमच्या मुलांना काय देता येईल? गावोगावच्या सरपंचांना खुलं पत्र

प्रति,
सरपंच, उपसरपंच, सदस्य आणि ग्रामपंचायत अधिकारी,
महाराष्ट्रातल्या सर्व ग्रामपंचायती

सस्नेह नमस्कार.

मार्च जवळ आला की ग्रामपंचायतीच्या शिपायाकडून निरोप येतो. दिव्यांगांचे पैसे द्यायचे आहेत, आधार कार्ड आणि पासबुकाची झेरॉक्स घेऊन या. आम्ही जातो, सही करतो, काही दिवसांनी खात्यावर रक्कम जमा होते. लहान गावात काही शे रुपये, मोठ्या गावात दोन-चार हजार. तुमच्या दप्तरी पाच टक्के निधी खर्च झाल्याची नोंद होते आणि विषय पुढच्या मार्चपर्यंत संपतो.

मी एका मुलीची आई आहे. तिला बौद्धिक अक्षमता आहे, लहानपणी तिला वरचेवर फिट्स यायच्या. आमच्या तालुक्यात अशा मुलांच्या पालकांचा एक गट आहे. त्यात कुणाच्या मुलाला सेरेब्रल पाल्सी आहे, कुणाची मुलगी स्वमग्न (ऑटिझम असलेली) आहे, कुणाला ऐकू येत नाही, कुणाला दिसत नाही. आम्ही आपसात जे बोलतो, तेच इथे तुमच्यापुढे मांडते. आमदार-खासदारांना, मंत्र्यांना लिहिणारे पुष्कळ आहेत. मी मुद्दाम तुम्हाला लिहितेय, कारण आमची मुलं रोज ज्या रस्त्यावरून जातात, ज्या शाळेत बसतात, ज्या अंगणवाडीत वाढतात, ते सगळं तुमच्या हद्दीत आहे.

आधी या पैशांबद्दल. अनेकांचा समज असतो की हा निधी वरून येतो. तसं नाही. घरपट्टी, पाणीपट्टी, गाळ्यांचं भाडं, बाजारकर असं जे ग्रामपंचायतीचं स्वतःचं उत्पन्न असतं, त्यातले पाच टक्के दिव्यांगांच्या कल्याणासाठी खर्च करणं शासनाने बंधनकारक केलं आहे. पूर्वी हे प्रमाण तीन टक्के होतं. म्हणजे हे गावाने गावातल्याच माणसांसाठी बाजूला काढलेले पैसे आहेत. त्याचं काय करायचं हे ठरवण्यात ग्रामसभेला बोलता येतं. शासनाच्या सूचनांमध्ये वैयक्तिक लाभासोबत सामूहिक सोयींनाही जागा आहे. तरी बहुतेक ठिकाणी समान वाटप होतं, कारण ते सोपं आहे आणि त्यात कुणाची तक्रार येत नाही.

मोठ्या माणसांच्या हातात रोख रक्कम देण्याला माझा विरोध नाही. ज्याला दोन्ही पाय नाहीत असा पन्नाशीचा माणूस किंवा अंध आजी, त्यांना त्यांच्या पैशाचं काय करायचं ते नीट कळतं. औषधं आणतील, किराणा भरतील, त्यांचा तो हक्क आहे. पण लहान मुलाची गोष्ट वेगळी असते. सहा वर्षांच्या मुलाला जी गोष्ट आठवड्याला मिळायला हवी, ती वर्षातून एकदा आलेल्या हजार रुपयांनी मिळत नाही.

सेरेब्रल पाल्सीचं उदाहरण घ्या. जन्माच्या आसपास मेंदूला इजा झालेली असते, ती इजा पुढे वाढत नाही. पण स्नायू ताठ राहिले, रोज ताणले-हलवले गेले नाहीत, तर मूल वाढेल तसे सांधे आखडत जातात. पाचव्या वर्षी जो पाय हाताने सरळ होत होता, तो बाराव्या वर्षी होत नाही, मग शस्त्रक्रियेचं बोलणं सुरू होतं. कानाने अधू मुलाचंही तसंच. श्रवणयंत्र किंवा शस्त्रक्रियेने कानात बसवायचं कॉक्लिअर इम्प्लांट बसलं म्हणजे मूल बोलू लागत नाही. आवाज कानात शिरला तरी त्याचा अर्थ शिकवावा लागतो, त्यासाठी पुढची काही वर्षं स्पीच थेरपी, म्हणजे बोलण्याचे उपचार, लागतात, आणि भाषा शिकण्याची मेंदूची सगळ्यात चांगली वर्षं पहिली काहीच असतात. नियमितपणा हाच यातला उपचार आहे. आणि नियमितपणा पाळायचा तर तो घराजवळच पाळता येतो.

आता सोयी कुठे आहेत ते बघा. जिल्ह्याच्या ठिकाणी सिव्हिलमध्ये किंवा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात थेरपिस्ट असतात. विशेष शाळा बहुतेक जिल्ह्याच्या नाहीतर मोठ्या तालुक्याच्या गावी. शिक्षण खात्याच्या तालुक्यातल्या गट साधन केंद्रात विशेष शिक्षक असतात, पण त्यांच्याकडे अख्खा तालुका. त्यांच्यातले कितीतरी जण वर्षानुवर्षं कंत्राटावर राबताहेत. दहा मुलांमागे एक विशेष शिक्षक प्राथमिकला आणि पंधरामागे एक त्यापुढच्या वर्गांना, हे प्रमाण सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2021 मध्ये ठरवून दिलं. आमच्या मुलांच्या घरी येणाऱ्या विशेष शिक्षिका मोटारसायकलवर एका दिवसात चार गावं करतात. त्या येतात तेव्हा मुलं खुलतात हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. पण त्यांची पुढची फेरी कधी, हे त्यांनाही सांगता येत नाही.

मग थेरपीसाठी जावं लागतं आईला. हे जाणं म्हणजे काय, ते कृपा करून नीट समजून घ्या, कारण आमच्या सगळ्या अडचणींचं मूळ तिथे आहे.

एसटीत दिव्यांगांना भाड्यात 75 टक्के सवलत आहे. सवलत चांगली आहे, पण गावात एसटी आली पाहिजे, आणि ती थेरपीच्या वेळेला आली पाहिजे. नाही आली तर वडाप. वडापवाला दहा-बारा माणसं भरल्याशिवाय हलत नाही. मान न सावरणाऱ्या नऊ वर्षांच्या मुलाला कडेवर घेऊन आई त्यात कशी बसत असेल? गर्दीचा आवाज सहन न होणारं स्वमग्न मूल किंचाळायला लागलं की सगळे वळून बघतात, कुणी म्हणतं पोराला वळण लावा. पुढच्या आठवड्यात ती आई जात नाही. मूल लहान आहे तोवर कडेवर तरी मावतं. दहा-अकरा वर्षांचं झालं की आईच्याच कमरेचं दुखणं सुरू होतं. शिवाय तो दिवस म्हणजे मजुरीचा खाडा. शेतमजूर बाईने आठवड्यातून एक दिवस खाडा केला तर महिन्याला चार मजुऱ्या गेल्या, गाडीभाडं वेगळं. वर्षाच्या शेवटी तुम्ही दिलेला हजार-पाचशेचा लाभ या हिशेबात कुठे बसतो, तुम्हीच सांगा.

कायद्याला ही अडचण ठाऊक आहे. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात कलम 16 मध्ये स्पष्ट लिहिलं आहे की शिक्षण संस्थांनी दिव्यांग मुलांच्या वाहतुकीची सोय करावी, आणि ज्यांना जास्त आधार लागतो त्या मुलांच्या मदतनीसाचीसुद्धा. समग्र शिक्षा अभियानात विशेष गरजा असलेल्या मुलामागे वर्षाला 3,500 रुपयांपर्यंत तरतूद आहे, त्यातच प्रवास भत्ता, मदतनीस भत्ता, साहित्य, मूल्यमापन शिबिरं असं सगळं भागवायचं असतं. अशा मुलींना दरमहा 200 रुपये प्रोत्साहन भत्ता आहे. हे पैसे मिळतात तेव्हा उपयोगी पडतात, पण एवढ्यात रोजची गाडी होत नाही. कमी पडणारी ही जागा गावाने भरून काढावी, अशी माझी पहिली मागणी आहे.

कशी, तेही सांगते. समजा तुमच्या ग्रामपंचायतीचं स्वउत्पन्न चार लाख आहे. पाच टक्के म्हणजे वीस हजार. गावात पंचवीस दिव्यांग व्यक्ती असतील तर माणशी आठशे रुपये आले. हे आठशे वाटून कुणाचंच काही होत नाही. पण एका केंद्रशाळेच्या परिसरातल्या दहा ग्रामपंचायतींनी ठरवलं, की निम्मी रक्कम मोठ्या माणसांना थेट द्यायची आणि निम्मी मुलांसाठी एकत्र वापरायची, तर वर्षाला एक लाख रुपये उभे राहतात. वर्षातले चाळीस आठवडे धरले तर आठवड्याला अडीच हजार. त्यात तालुक्याच्या गावाहून एका फिजिओथेरपिस्टचं येणं-जाणं आणि अर्ध्या दिवसाचं मानधन निघू शकतं. एक आठवडा फिजिओथेरपिस्ट, दुसरा आठवडा स्पीच थेरपिस्ट असंही करता येईल. केंद्रशाळेतली एखादी खोली त्या दिवशी मोकळी ठेवायची. दहा गावांतल्या मुलांना जिल्ह्याला जाण्याऐवजी चार-पाच किलोमीटरवर यावं लागेल. ग्रामपंचायतीचं नाहीतर दूध संस्थेचं वाहन त्या सकाळी मुलांना आणायला गेलं, तर आईचा अख्खा दिवस मोडणार नाही. खर्च नेमका कोणत्या शीर्षाखाली टाकायचा, दहा गावांचे पैसे एकत्र कसे वापरायचे, हे गटविकास अधिकाऱ्यांना विचारून लेखी घ्या, म्हणजे लेखापरीक्षणात अडचण येणार नाही. ज्या ग्रामपंचायतींच्या हद्दीत कारखाने आहेत, पवनचक्क्या आहेत, मोठी बाजारपेठ आहे, त्यांना तर हे एकट्यानेही जमेल.

थेरपिस्टने आठवड्यातून एकदा येण्याचा दुसरा फायदा असा की तो आईला, आजीला, मोठ्या बहिणीला शिकवून जातो. मुलाला कसं बसवायचं, घास भरवताना मान कुठे धरायची, चमचा त्याच्या हातात कसा द्यायचा. खरी थेरपी बाकीचे सहा दिवस घरात होते. पण कुणीतरी येऊन "हात इथे ठेवा, एवढंच वाकवा" असं दाखवणारं लागतं. मोबाईलवरचे व्हिडिओ बघून आम्ही खूप काही केलं, पण आपल्या मुलाच्या पायाला तो व्यायाम चालेल की नाही हे व्हिडिओ सांगत नाही.

दुसरी मागणी यादीची आहे. यासाठी एक रुपया लागत नाही.

ग्रामपंचायतीकडे दिव्यांगांची यादी असते. तुमच्या यादीत कोण आहे, ते एकदा बघा. बहुतेक ठिकाणी प्रमाणपत्र असलेलीच माणसं यादीत असतात. ज्याच्याकडे प्रमाणपत्र नाही ते मूल गावाच्या लेखी नाहीच. 1995 च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, 2016 च्या कायद्यात 21 आहेत. स्वमग्नता, अध्ययन अक्षमता, मस्क्युलर डिस्ट्रॉफी, थॅलेसेमिया, सिकलसेल, हिमोफिलिया हे सगळं आता त्यात येतं. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात 29 लाख 63 हजारांहून अधिक दिव्यांग नोंदले गेले, पण तेव्हा मोजणीत स्वमग्नता किंवा अध्ययन अक्षमता असा वेगळा रकानाच नव्हता. पाचवीत गेलं तरी वाचता येत नाही म्हणून ज्याला सगळे ढ म्हणतात, तो मुलगा कोणत्या यादीत आहे? कदाचित त्याला अध्ययन अक्षमता असेल. त्याचं प्रमाणपत्र आठव्या वर्षापासून मिळतं, पुढे चौदाव्या आणि अठराव्या वर्षी पुन्हा तपासणी होते. ते असेल तर दहावीला जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. पण गावात कुणाला हे माहीतच नसतं, आणि तोवर पोरगं शाळा सोडून कुणाच्या तरी गॅरेजवर लागलेलं असतं.

यादी करायला माणसं तुमच्याकडे आहेत. आशाताईंना घरन् घर माहीत असतं. अंगणवाडीताईंसाठी नोव्हेंबर 2023 मध्ये केंद्राने दिव्यांग बालकांसाठीची वेगळी कार्यपद्धती काढली आहे, त्यात लवकर ओळखणं, अंगणवाडीत सामावून घेणं आणि पुढे पाठवणं हे त्यांचं काम म्हणून धरलेलं आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा शाळेत येतं. शाळेकडे तिची स्वतःची नोंद असते. या चौघांच्या वह्या एकमेकींशी जुळत नाहीत, कारण त्या कुणी एका टेबलावर ठेवतच नाही. तुम्ही ठेवा. सरपंचांनी बोलावलं तर सगळे येतात. जन्मापासून अठरापर्यंतचं, बसायला उशीर झालेलं, बोलायला उशीर झालेलं, शाळेत नाव असून न येणारं प्रत्येक मूल त्यात घ्या. प्रमाणपत्र नंतर. मात्र ही यादी फळ्यावर लावू नका, व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नका. मुलांचे आजार ही चावडीवरची बातमी होता कामा नये.

शाळेत नाव असून न येणारी मुलं, हे मी मुद्दाम लिहिलं. शाळेच्या पटावर नाव आहे, सवलतींच्या यादीत नाव आहे, आणि मूल घरी पडवीत बसलेलं आहे, असं कितीतरी गावांत दिसेल. गृहाधारित शिक्षण ही सोय अतितीव्र दिव्यांग मुलांसाठी आहे. ज्या मुलाला केवळ रॅम्प नाही, शौचालयात नेणारं कुणी नाही किंवा शिक्षकांना त्याला कसं हाताळायचं माहीत नाही म्हणून घरी ठेवलं आहे, त्याला तिथे ढकलायला नको. 2016 च्याच कायद्यातल्या कलम 31 प्रमाणे 40 टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलाला सहा ते अठरा वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकण्याचा हक्क आहे. त्यातला "जवळच्या" हा भाग तुमच्या हातात आहे.

सगळ्यात जास्त मुलं कुठे गळतात ते आमच्या गटात सगळ्यांना ठाऊक आहे. गावातली शाळा चौथीपर्यंत किंवा सातवीपर्यंत असते. तोवर सगळं एका हाकेच्या अंतरावर, मास्तर ओळखीचे, वर्गातली पोरं हात धरून नेणारी. पुढची शाळा दुसऱ्या गावात. बाकीची मुलं सायकलवर जातात, आमचं मूल जाऊ शकत नाही. मुलगी असेल तर त्याच सुमारास पाळी सुरू होते. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलीला स्वतःचं कापड सांभाळता येत नाही, शाळेत तिला मदत करायला कुणी बाई नाही, आईला भीती वाटते, आणि ती भीती खोटी नाही. मग मुलगी घरी. माझ्या मुलीच्या वेळी माझ्या सासूबाई रोज तिच्यासोबत शाळेत जाऊन व्हरांड्यात बसायच्या म्हणून ती दोन वर्षं जास्त शिकली. ज्या घरात अशी आजी नाही, तिथे काय? म्हणून शाळेत मदतनीस बाई हवी. स्वउत्पन्न चांगलं असलेल्या ग्रामपंचायतीने एका बाईला मानधन दिलं, तर दोन-तीन मुलांची शाळा चालू राहते. तिला दोन दिवसांचं प्रशिक्षण गट साधन केंद्राचे विशेष शिक्षक देऊ शकतील. तिची पोलीस पडताळणी करून घ्या, यात भिडस्तपणा नको. आणि शाळेतलं शौचालय एकदा स्वतः आत जाऊन बघा. चाकाची खुर्ची आत जाते का, धरायला दांडी आहे का, दार आतून लागतं का, पाणी आहे का. एखाद्या शाळेला सुंदर रंगवलेला रॅम्प असतो आणि त्याच्या टोकाला पायरी असते.

शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात. त्यातली एक जागा आमच्यासारख्या पालकाला द्यायला कुणाची हरकत असायचं कारण नाही. दिली तर शौचालयाचा विषय आपोआप बैठकीत येईल.

कागदपत्रांबद्दल थोडक्यात. यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र), निरामय विमा, संजय गांधी योजना, शिष्यवृत्ती यातल्या प्रत्येकासाठी वेगळा अर्ज, वेगळे दाखले, वेगळा कॅम्प. राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असणाऱ्यांना वर्षाला एक लाखापर्यंतचं संरक्षण आहे, त्यात थेरपीचा खर्चही धरतात. ज्यांना याची सगळ्यात जास्त गरज आहे, त्या घरांनी त्याचं नावही ऐकलेलं नसतं. अठरा वर्षं पूर्ण झाल्यावर अशा मुलांसाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडून कायदेशीर पालकत्व घ्यावं लागतं, हेही खातं उघडायला गेल्यावर बँकेतच कळतं. तुमच्या संगणक परिचालकाला महिन्यातला एक ठरलेला दिवस या कामासाठी द्यायला सांगा. त्या दिवशी आम्ही येऊ, त्याने अर्ज भरावेत आणि आधीच्या अर्जांचं काय झालं ते बघून सांगावं. प्रमाणपत्राच्या कॅम्पची तारीख दवंडीने किंवा भोंग्यावरून आठवडाभर आधी कळवा, आदल्या रात्री नको. कॅम्पला जायला गाडी करा.

आता जी मागणी लिहिताना मला सगळ्यात जास्त विचार करावा लागला, ती. आईला थोडा वेळ द्या.

आमच्या गटातल्या काही बायका वर्षानुवर्षं कुणाच्या लग्नाला गेलेल्या नाहीत. मूल सोबत न्यावं तर लोक बघतात, ठेवून जावं तर ठेवायचं कुणाकडे? स्वतः आजारी पडलं तरी दवाखान्यात जायला उशीर होतो, कारण मुलाला औषधाची गोळी कुणी द्यायची हा प्रश्न असतो. काही जणींना अजूनही सासरचे म्हणतात की हे तुझ्यामुळे झालं, गर्भार असताना तू ग्रहण पाळलं नाहीस. डॉक्टरांनी दहा वेळा कारण सांगितलं तरी ते बोलणं थांबत नाही. मुलाची मोठी बहीण असेल तर तिचं बालपण भावाला सांभाळण्यात जातं. या थकव्यावर औषध नाही, पण आठवड्यातून दोन-तीन तास कुणीतरी विश्वासाचं माणूस मुलाजवळ बसलं तर खूप फरक पडतो. समाजमंदिराची खोली आठवड्यातून एक दुपार द्या. बचत गटातल्या दोन बायकांना थोडं मानधन आणि थोडं प्रशिक्षण द्या. एक गादी, काही खेळणी, पंखा, जवळ स्वच्छ शौचालय एवढं पुरे. मुलं तिथे खेळतील, आया निदान कपडे धुवून, दळण आणून, हवं तर नुसत्या झोपून येतील. जास्त आधार लागणाऱ्या दिव्यांगांसाठी काळजीवाहक भत्त्याची सोय 2016 च्या कायद्यातल्या कलम 24 मध्ये आहे. सांभाळणाऱ्याचे कष्ट कायद्यानेच मोजायला सुरुवात केली आहे, गावानेही मोजावेत.

तुमच्या बाजूने जे म्हटलं जातं, तेही मी ऐकलं आहे. "आमच्या गावात अशी मुलं दोनच आहेत." यादी नीट केली तर दोनाची सात होतात, हा आमच्या भागातला अनुभव आहे. आणि दोनच असतील तर त्यांची सोय करणं अधिक सोपं आहे. "हे शिक्षण खात्याचं, आरोग्य खात्याचं काम आहे." आहेच. डिसेंबर 2022 मध्ये राज्याने दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र विभागही केला. त्या सगळ्यांनी त्यांचं काम करावं यासाठी आम्ही भांडत राहू. पण मंत्रालयातून कुणी येऊन आमच्या मुलाला शाळेच्या पायरीवरून वर उचलणार नाही. "वाटप बंद केलं तर लोक चिडतील." हे खरं आहे, काही चिडतील. म्हणूनच एका वर्षात सगळं बदला असं मी म्हणत नाही. निम्म्यापासून सुरुवात करा, मोठ्या दिव्यांगांना विश्वासात घ्या, त्यांना ग्रामसभेत बोलू द्या. आमच्या गटाच्या बैठकीत एक पायाने अधू काका म्हणाले होते, माझे आठशे या पोरांच्या गाडीला लावा, मी शाळेत कसा गेलो ते मला माहीत आहे. सगळे असं म्हणतील असं नाही, पण त्यांना कुणी विचारलेलंच नसतं.

तेव्हा माझी विनंती एवढीच, की येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर "दिव्यांग मुलं आणि त्यांची कुटुंबं" हा स्वतंत्र विषय घ्या, आयत्या वेळच्या विषयांत नको. त्याआधीच्या महिला सभेतही तो घ्या, कारण तिथे आया मोकळेपणाने बोलतात. सभा तळमजल्यावर ठेवा आणि आम्हाला मुलांना घेऊन येऊ द्या, ती मध्येच ओरडली तरी सभा थांबवू नका. गट साधन केंद्राच्या विशेष शिक्षकांना पत्र पाठवून बोलवा. मागच्या तीन वर्षांत पाच टक्के निधी कशावर खर्च झाला, तो हिशेब त्या दिवशी वाचून दाखवा. ग्रामपंचायत विकास आराखड्यात पुढच्या वर्षासाठी मुलांची गाडी, थेरपीची खोली आणि शाळेतली मदतनीस यांपैकी निदान एक गोष्ट रकमेसह लिहा, आणि ती पाहायची जबाबदारी एका सदस्याच्या नावावर टाका.

यादी करायला, थेरपिस्ट शोधायला, अर्ज भरायला आमचे पालक तुमच्यासोबत बसतील. निरोप शाळेत दिलात तरी आमच्यापर्यंत पोचतो.

आपली,
एका मुलीची आई